स्टूल कुठं हाय? : भावना न सांगता पोचवायची कशी

प्रश्न कोल्हापूरच्या एका नव्या लेखकाचा आहे. त्यांनी पाऊण तासाची एकांकिका लिहिली आहे आणि ते कविताही करतात. दोन्ही वाचून परीक्षकांनी एकच शेरा दिला: ‘पात्रं आपल्या भावना स्वतःच सांगून टाकतात, त्या जाणवू द्या.’ त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे करायचं कसं? त्यासाठी प्रतीकं घालायची का? आणि इतकं करून प्रेक्षकाला कळलंच नाही तर? सोबत एकांकिकेतला एक प्रसंग आणि कवितेच्या चार ओळी पाठवल्या आहेत.

शेरा बरोबर आहे, पण ‘जाणवू द्या’ एवढ्यावरून कुणाला लिहिता येत नाही. कामाचं सांगायचं तर असं: भावना लपवायची नसते, ती पात्राच्या हातातल्या कामात उतरवायची असते. आणि त्या कामाला भावनेखेरीज स्वतःचं एक कारण असावं लागतं. यातलं दुसरं वाक्य विसरलं जातं आणि बहुतेक लिखाण तिथंच फसतं.

आधी तुमचा प्रसंग घेऊ. पंचगंगेकाठच्या जुन्या वस्तीतलं घर. २०१९ च्या पुरात पाणी आत शिरलेलं. वडील वारलेत, मुलगा नोकरीसाठी पुण्याला निघालाय. तुम्ही लिहिलंय:

आई: तू गेलास की मी एकटी पडणार रे. रातीला लई भ्या वाटतंय.
मुलगा: आई, तुला सोडून जाताना मलाही फार वाईट वाटतंय. पण माझा नाइलाज आहे.

यात खोटं काही नाही. अशा वेळी आई हेच बोलेल. अडचण एवढीच की ‘एकटी’, ‘भ्या’, ‘वाईट’, ‘नाइलाज’ हे चार शब्द उच्चारले गेले की प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. त्याला निकाल कळला, पुरावा दिसलाच नाही.

हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात (प्रकरणात) रसदोष सांगितले, म्हणजे रस (प्रेक्षकाला मिळणारा भावनेचा आस्वाद) बिघडवणाऱ्या चुका. त्यातला पहिलाच दोष म्हणजे रस, स्थायिभाव किंवा व्यभिचारिभाव यांचं थेट नाव घेणं. त्याच्या कितीतरी आधी ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात भरताने सूत्र दिलं: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारिभाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. विद्यापीठाच्या परीक्षेत हे पाठ करून सोडून दिलं जातं. वास्तविक ती लेखकाची हत्यारपेटी आहे. विभाव म्हणजे भावनेला निमित्त होणारी माणसं आणि परिस्थिती. त्यात आलंबन (कुणाविषयी) आणि उद्दीपन (कशामुळे भडकते) असे दोन भाग. अनुभाव म्हणजे त्या भावनेपायी शरीराने केलेली, डोळ्यांना दिसणारी गोष्ट. व्यभिचारिभाव म्हणजे येऊन-जाऊन असणारे छोटे भाव: शंका, चिंता, दैन्य, धृती, लज्जा वगैरे, एकूण ३३. सूत्रात स्थायिभावाचं, म्हणजे मूळ भावनेचं, नाव नाही. ते तुम्ही लिहायचं नसतं, प्रेक्षकाने त्याच्याजवळचं काढायचं असतं.

इंग्रजी समीक्षेत कवी-समीक्षक टी. एस. एलियट यांनी १९१९ साली याच्या जवळपासचं म्हटलं: भावना व्यक्त करायची तर तिचं सूत्र ठरेल असा वस्तूंचा संच, अशी परिस्थिती किंवा घटनांची साखळी शोधा. नव्या लेखकाने यातली फक्त ‘वस्तू’ उचलली की घोटाळा होतो, कारण एकटी वस्तू काही करत नाही. भरताचा ‘संयोग’ हा शब्द मला जास्त उपयोगी वाटतो: माणूस, वस्तू आणि वस्तूशी चाललेली खटपट, तिन्ही एकत्र आल्याशिवाय काही घडत नाही.

आता तुमच्या प्रसंगात वस्तू कोणती? पूर तुम्ही पहिल्या पानावर एका वाक्यात उरकलाय. खरं भांडवल तिथंच आहे. ज्या घरात पाणी येऊन गेलंय त्या घराच्या सवयी बदलतात. भिंतीवर पाण्याची रेघ राहते, रंग मारला तरी ओल तिथूनच फुटते. स्विचबोर्ड वर सरकतात, धान्याचे डबे फळीवर जातात. फोटोसुद्धा रेघेच्या वर टांगले जातात. वडिलांचा फोटो इतका वर गेलाय की आईचा हात पोचत नाही, हार आजवर मुलगाच बदलत आलाय. एवढं ठरलं की प्रसंग असा होतो:

(मुलगा बॅग भरतोय. आई फोटोकडे बघते.)
मुलगा: हार वाळलाय गं.
आई: स्टूल कुठं हाय?
मुलगा: माडीवर. थांब, मी काढतो.
आई: नको. तू बॅग भर. मी चढून बघतो.
(स्टूल आणते. चढते. बोटं फोटोच्या खालच्या पट्टीला लागतात, हारापर्यंत जात नाहीत. उतरते.)
आई: खिळा जरा खाली मारून दे.
मुलगा: तिथवर पाणी आलं होतं.
आई: म्हाईत हाय.

एकटेपण, भीती, नाइलाज यांपैकी एकही शब्द नाही, पण तिन्ही आहेत. शिवाय तुमच्या मूळ संवादात नसलेली एक गोष्ट आलीय. मुलगा जाणार हे आईने मान्य केलंय आणि त्यासाठी नवऱ्याचा फोटो पाण्याच्या तोंडी द्यायलाही ती तयार झालीय. शास्त्राच्या भाषेत मुलगा आलंबन. बॅग, वाळलेला हार, भिंतीवरची रेघ ही उद्दीपनं. स्टुलावर चढणं आणि न पोचता उतरणं हा अनुभाव. ‘खिळा खाली मारून दे’ यात चिंता आणि धृती एकाच वेळी. हे मांडून बघायचा फायदा असा की प्रसंग ढिला वाटला तर नेमका कोणता खण रिकामा आहे ते सापडतं. नव्या लेखनात बहुधा अनुभावाचा खण रिकामा असतो: पात्रं बसून बोलतात, करत काही नाहीत.

(जाता जाता: आई ‘मी चढून बघतो’ म्हणते ते तसंच राहू द्या. कोल्हापुरात बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. तालमीत कुणीतरी ते ‘बघते’ करायला निघेल. करू देऊ नका, त्या एका अक्षरात सगळं घर आहे.)

हा प्रसंग नुसता उचलून एकांकिकेत बसवला तर मात्र पडेल. रेघ, फोटो आणि स्टूल ही तिन्ही प्रेक्षकाला आधीपासून ओळखीची हवीत, आणि ती ओळख वेगळ्या भावात झालेली हवी. टंकलेखनाचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरा. पहिल्या पाच पानांत वायरमन येऊन विचारतो, ‘बोर्ड अजून वर घेऊ?’ आणि रेघ दिसते. हे शुद्ध कामाचं बोलणं. पंधराव्या पानाच्या आसपास मुलगा फोटोचा हार बदलतो आणि आई खालून ‘वाकडा झालाय, डावीकडं घे’ म्हणून त्याला दमवते. इथं प्रेक्षक हसला पाहिजे. मग पस्तिसाव्या पानावर स्टूल. पहिल्या दोन वेळी वस्तूने आपलं घरगुती काम केलं म्हणून तिसऱ्या वेळी तिला ओझं पेलतं. दोन पेरण्यांमध्ये आठ-दहा पानांचं अंतर ठेवा. त्याहून जवळ आणलं तर पेरलेलं दिसतं, आणि पंचवीस पानं मध्ये गेली तर विसरलं जातं.

आकडाही असाच भावना वाहतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतं. जुलै-ऑगस्टमध्ये शेजारणीने दारातून नुसतं ‘एक्केचाळीस झालं म्हणं’ म्हटलं की ती भीतीच असते, भीतीचा शब्द लागत नाही. पण तोच प्रयोग दुसऱ्या गावच्या स्पर्धाकेंद्रावर गेला तर तिथल्या प्रेक्षकाला एक्केचाळीस म्हणजे काय हे ठाऊक नसेल. म्हणून आधी कुठंतरी ‘त्रेचाळीसला आपल्या पायरीला लागतंय’ असं एक सहज वाक्य टाकून ठेवा.

यातूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. कळलं नाही तर काय? तर लक्षात घ्या, झाकायची असते भावना, माहिती नव्हे. ही गल्लत सर्वांत जास्त होते. सूचक लिहायचं म्हणून लेखक परिस्थितीच धूसर करतो: मुलगा चाललाय की आलाय, फोटो कुणाचा, रेघ कसली, काहीच सांगत नाही. मग प्रेक्षक कोडं सोडवत बसतो आणि कोडं सोडवणाऱ्या माणसाला काही वाटत नसतं. कोण, कुठं, कुणाचं कोण, काय पणाला लागलंय हे सगळं ढळढळीत सांगा. वडील वारले हे पहिल्या तीन मिनिटांत साध्या वाक्यात येऊ दे. परिस्थिती जितकी स्वच्छ, तितकी भावना कमी बोलून भागते.

ध्वनिविचारातही, म्हणजे शब्दांमागून सुचणाऱ्या अर्थाच्या विचारातही, हेच आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त महाराष्ट्री प्राकृतातली एक गाथा घेतली आहे, ती हालाच्या ‘गाथासप्तशती’तही आहे. एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते: आता खुशाल फिर, तुला त्रास देणारं ते कुत्रं गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने आज मारलं. शब्द सांगतात ‘खुशाल फिर’. अर्थ पोचतो ‘इकडे फिरकू नकोस’, कारण ती झाडी तिची प्रियकराला भेटायची जागा आहे. तिला काय वाटतंय याबद्दल एक अक्षर नाही. तरी कळतं, कारण बोलणारी कोण, ऐकणारा कोण आणि जागा कोणती हे पक्कं आहे. असा सुचवलेला अर्थ (व्यंग्यार्थ) कशाकशाच्या बळावर कळतो याची यादी मम्मटाने केलीय तीत वक्ता, ऐकणारा, काकू म्हणजे आवाजाचा हेल, प्रसंग, देश, काळ अशा गोष्टी आहेत. प्रसंग ‘कळत नाही’ अशी तक्रार आली की हीच यादी लावून बघा. त्यातलं काहीतरी तुम्ही सांगायचं राहिलेलं असतं.

ऐकणारा बदलणं ही तर आपल्या घराघरातली युक्ती आहे: लेकी बोले सुने लागे. जात्यावरच्या ओवीत बाई आपलं दुःख जात्याला, भावाला, विठ्ठलाला सांगते आणि ऐकत असते पलीकडच्या खोलीतली सासू. रंगमंचावर हे हुकमी चालतं. आईला मुलाशी जे बोलायचंय ते तिला फोटोशी बोलायला लावू नका (ते आता फार वापरून झालंय), शेजाऱ्याच्या पोराशी बोलायला लावा: ‘तू कुठं जाऊ नगंस बरं का रं मोठा होऊन.’ मुलगा तिथंच बॅग भरत असला पाहिजे आणि त्याने मान वर करायची नाही.

मराठीचं व्याकरणही मदतीला येतं आणि आपण ते वापरत नाही. ‘घर विकलं’ आणि ‘घर विकून टाकलं’ यांत व्यवहार एकच, पण ‘टाकलं’मध्ये विकणाऱ्याचा वैताग किंवा सुटका आहे. ‘बसला’ आणि ‘बसून राहिला’, ‘जेव’ आणि ‘जेवून घे’, प्रत्येक वेळी जोडक्रियापद नातं सांगतं. निरोप घेताना मराठी माणूस ‘येतो’ म्हणतो. ज्या पात्राने नाटकभर ‘येतो’ म्हटलंय त्याने शेवटी ‘जातो’ म्हटलं की दिग्दर्शकाला काही करावं लागत नाही. ‘तू’वरून ‘तुम्ही’वर येणं हे भांडणापेक्षा जास्त लागतं. रीतिभूतकाळ (‘ते यायचे, बसायचे’ असा पूर्वीची सवय सांगणारा) तर शोकाचा काळ आहे, आणि तिथून तुमच्या कवितेकडे वळतो. तुमच्या ओळी:

बाबा, तुमच्या आठवणीनं
मन व्याकूळ होतं,
गुऱ्हाळावरून जाताना
डोळ्यांत पाणी येतं.

‘व्याकूळ’ आणि ‘डोळ्यांत पाणी’ काढलं तर उरतं काय? फक्त गुऱ्हाळ. मग गुऱ्हाळातच शिरा. तिथं काहील (रस आटवायची मोठी कढई) आहे, चुलवाण आहे, मळी काढणं आहे, भेंडीचा चीक घालून रस निवळणं आहे, आणि पाक तयार झाला की नाही हे ठरवणारा गुळव्या आहे. थोडा पाक गार पाण्यात टाकून गोळी जमते का बघतात. काहील उतरायला चुकलं तर गूळ नरम राहतो किंवा करपतो. म्हणजे तिथं एक क्षण असा आहे की तो माणसाच्या अंदाजावर अवलंबून आहे. कवितेला असाच क्षण लागतो. आता:

गुळव्या नवा आहे.
पाक पाण्यात टाकून
गोळी जमते का बघतो,
दोनदा.
तुम्ही वासावर काहील उतरवायचात.

‘उतरवायचात’ या एका रूपात वडील गेल्याचं आलं. ‘दोनदा’ ही एकट्या शब्दाची ओळ आहे आणि सगळा भार तिच्यावर आहे: नव्या माणसाचा अविश्वास, जुन्याची सफाई, बघणाऱ्याचं थबकणं. तो शब्द आधीच्या ओळीत ढकलला तर कविता निम्मी होते. शेवटी ‘आता तो वास येत नाही’ अशी सहावी ओळ लिहायचा मोह होईल. तीच ओळ कविता मारते, कारण ती आधीच्या पाच ओळींचा अर्थ सांगते.

आता प्रतीकांचा प्रश्न. ठरवून घालू नका. पाऊस, कोमेजलेलं फूल, विझणारी समई, फुटलेली बांगडी, रिकामी खुर्ची, ओतून ठेवलेला दुसरा चहाचा कप: या गोष्टी प्रेक्षकाला बघताक्षणी कळतात आणि म्हणूनच काही करत नाहीत. त्यांचा अर्थ बाहेरून तयार होऊन आलेला असतो, तुमच्या नाटकातून निघालेला नसतो. चाचणी सोपी आहे: ही वस्तू उचलून दुसऱ्या कुणाच्या नाटकात ठेवली तर तोच अर्थ देईल का? समई देईल. पाण्याच्या रेघेवरचा फोटो देणार नाही. माझा वाळलेला हार या कसोटीवर जेमतेम टिकतो. तो चालतो तो तिथं करायचं एक काम आहे म्हणून, वाळलाय म्हणून नव्हे.

दुरुस्ती करताना लाल पेन्सिल घेऊन भावनेचं प्रत्येक नाव अधोरेखित करा: दुःख, एकटं, प्रेम, राग, आठवण, काळीज, हुंदका. रंगसूचनाही सोडू नका. ‘(दुःखाने)’, ‘(भावविवश होऊन)’ ही नटाला दिलेली अवघड जबाबदारी आहे, त्याऐवजी क्रियापद लिहा: ‘(चेन ओढतो, अडकते, तशीच सोडतो)’. मग अधोरेखित सगळं खोडून उरलेलं मोठ्याने वाचा. प्रसंग उभा राहिला तर ते शब्द नकोच होते. कोसळला तर त्या जागी उपमा भरू नका. तिथं घटनाच घडलेली नाही, ती रचावी लागेल. हे करताना त्या खोलीतल्या दहा वस्तूंची यादी करा आणि जिच्याशिवाय घर चालणार नाही अशी एकच निवडा. एका प्रसंगाला एक वस्तू पुरते. तीन घेतल्या की प्रेक्षक मोजायला लागतो.

त्यानंतर तीन जणांना वाचायला द्या आणि ‘आवडलं का’ असं विचारू नका. ‘काय घडलं ते सांगा’ म्हणा, मग ‘आईच्या मनात काय आहे’ विचारा. घटना तिघांनी सारखी सांगितली आणि मनातलं आपापल्या शब्दांत पण जवळपास सांगितलं तर जमलं. घटनाच तीन तऱ्हेची आली तर माहिती झाकली गेलीय. तिघांनी मनातल्यासाठी अगदी एकच शब्द वापरला तर तो शब्द संहितेत कुठंतरी राहिलाय, शोधून काढा.

थेट बोलणं वाईट असा याचा अर्थ घेऊ नका. पोवाड्यात शाहीर शौर्याला शौर्यच म्हणतो आणि त्यावर डफ वाजतो. संगीत नाटकात पद थेट भावना गातं, पण तिथं काम राग करतो, शब्द टेकू असतात. तुमच्या एकांकिकेतही एक थेट वाक्य चालेल, एकच, आणि ते त्या भावनेच्या मालकाने बोलू नये. शेजारणीने सहज म्हणावं, ‘पोरगं गेल्यावर करमायचं न्हाई तुमास्नी,’ आणि आईने ‘भाजी काय केलीस?’ विचारावं.

आता तालीम, कारण कागदावर राखलेलं सगळं तिथं उधळलं जाऊ शकतं. ‘म्हाईत हाय’ म्हणताना नटीचा आवाज कापरा झाला की लेखनातली काटकसर वाया गेली. ते वाक्य भाजीचा दर सांगावा तसं सपाट यायला हवं. सात्त्विक भाव, म्हणजे भावनेपायी शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, आठ सांगितल्या आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. त्यांतला स्तंभ, म्हणजे थिजणं, अश्रूंपेक्षा लांबून दिसतो. मोठ्या नाट्यगृहात दहाव्या रांगेनंतर डोळ्यातलं पाणी दिसत नाही, हवेत अडकलेला हात शेवटच्या रांगेपर्यंत दिसतो. म्हणून फोटो पार्श्वभिंतीवर मधोमध न लावता बाजूच्या भिंतीवर लावा, म्हणजे चढलेल्या आईची पाठ न दिसता ताणलेला हात आडवा दिसेल. रेघ पेन्सिलीची नको, चार बोटं रुंद ओलीचा पट्टा रंगवा. स्टूल दीड फुटाचं घेऊन नटीला चढवून बघा. बोटं फोटोच्या पट्टीला लागलीच पाहिजेत, पण हाराला लागता कामा नयेत. खिळा त्यावरून ठरवायचा, नेपथ्याच्या सोयीने नाही. नटी बदलली तर खिळाही बदलेल.

पार्श्वसंगीत या प्रसंगाला ठेवू नका. संगीतकार बासरी सुचवेल. बासरी लागली की ‘आता वाईट वाटून घ्या’ असा निरोपच प्रेक्षकाला जातो. त्याऐवजी बॅगेच्या चेनचा, स्टूल फरशीवर घासल्याचा आवाज नीट ऐकू येऊ दे. ‘म्हाईत हाय’नंतर लगेच अंधार करू नका. मुलगा बॅग खाली ठेवतो, हातोडी शोधायला आत जातो. आई भिंतीवर रेघेच्या वीतभर खाली बोट टेकवून खिळ्याची जागा धरून उभी राहते. आतून हातोडी सापडल्याचा आवाज येतो. मनात चार मोजा, मग प्रकाश काढा.